मानीव परवानगी

सलोनीने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर बाल्साच्या काड्या मांडायला सुरुवात केली, तेव्हा मोरेश्वरराव समोर बसून चहा पीत होते. दुसऱ्या कुठल्याही आजोबांनी काड्या हातात घेऊन पाहिल्या असत्या. मोरेश्वररावांनी विचारलं, "नियम कुठे आहेत?"

"व्हॉट रूल्स, आजोबा?"

"स्पर्धा आहे म्हणालीस ना? मग नियम असणारच. दाखव."

सलोनीने नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याखालून दोन कागद ओढून काढले. मोरेश्वररावांनी चष्मा पुसला, खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि वाचायला घेतलं. क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात मुलाकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते. एवढ्या काळात त्यांनी पत्रपेटीत येणाऱ्या सुपरमार्केटच्या जाहिरातीसुद्धा अटी-शर्तींसकट वाचून काढल्या होत्या. पण खास आपल्यासाठी लिहिलंय असं वाटणारं वाङ्मय आज पहिल्यांदाच हाती लागलं होतं. मोरेश्वर दिगंबर लोणकर यांनी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात काढली होती. लोकांचे नकाशे तपासायचे, त्रुटी काढायच्या आणि परत पाठवायचे. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, पण शंका विचारायची खोड काही सुटली नाही.

स्पर्धा शाळांची होती. बाल्सा म्हणजे अगदी हलकं लाकूड, जुडी तळहातावर ठेवली तरी काही ठेवलंय असं वाटू नये इतकं. त्याच्या काड्या डिंकाने चिकटवून बहुमजली इमारत करायची. उंची आणि वजन यांना मर्यादा, आणि इमारत दिलेल्या फळीच्या आत बसायला हवी. सगळ्या मजल्यांची मिळून जितकी जमीन जास्त, तितके गुण जास्त. मग ती इमारत एका हलणाऱ्या टेबलावर ठेवून भूकंपासारखी हलवायची. पडली की गुण शून्य. उरलेल्यांत ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, तो संघ वेलिंग्टनला देशपातळीच्या फेरीला जाणार.

सलोनीला वेलिंग्टनला जायचंच होतं. गेल्या वर्षी तिची आणि तिची मैत्रीण अरोहाची इमारत टेबल सुरू होण्याआधीच, कुणीतरी शिंकलं म्हणून पडली होती. तेव्हापासून शाळेत कुणी शिंकलं की सगळे त्या दोघींकडे बघायचे.

मोरेश्वररावांना मात्र वेलिंग्टनचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा लोभ वेगळाच होता. सलोनी चार वर्षांची असताना इकडे आली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि तेही 'हाय आजोबा', 'बाय आजोबा' आणि 'आय अ‍ॅम गुड' एवढंच. आता या काड्यांच्या निमित्ताने ती रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसत होती आणि हा खांब का, ती तुळई का, हे समजावून सांगत होती. ही जागा त्यांनी कशाच्याही बदल्यात सोडली नसती.

"लुक," एका संध्याकाळी ती हळू आवाजात म्हणाली, "दोन मजल्यांच्या मध्ये हाफ फ्लोअर टाकायचा. रूल्समध्ये फक्त 'फ्लोअर' म्हटलंय. किती हाइटवर ते म्हटलंच नाहीये! कुणाला सांगू नका हं."

"म्हणजे माळा," मोरेश्वरराव म्हणाले. त्यांना पोरीचं कौतुक वाटलं आणि लगेच धाकधूकही वाटायला लागली. नियमात मनाई नाही या भरवशावर बांधलेले माळे त्यांनी पुढे पाडले जाताना पाहिले होते.

सलोनी शाळेत गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "शकु, हे लेखी विचारून ठेवायला हवं."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" शकुंतलाबाई पोह्यांना कांदा चिरत होत्या.

"नाही म्हणायला उत्तर तर यायला हवं! अगं, आपल्याकडे कायद्यातच आहे. अर्ज द्यायचा. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, की परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी. अर्ज दिल्याची नोंद तेवढी हवी."

"पण समजा आलंच उत्तर?"

मोरेश्वरराव प्रेमळपणे हसले. "मी त्या खुर्चीत जन्म काढलाय. उत्तर येत नसतं."

नियमांच्या तळाशी ईमेलचा पत्ता होता. एका बोटाने टाइप करून मोरेश्वररावांनी अर्ज पाठवला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' याचं इंग्रजी त्यांना पाठच होतं. नातीचं नाव त्यांनी मुद्दाम घातलं नाही. उगाच वशिला दिसायला नको. अर्ज गेला आणि ते समाधानाने चहा टाकायला उठले.

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. 'किया ओरा मोरेश्वर,' असा इथला नमस्कार करून संयोजकांपैकी कुणा ब्रूसने लिहिलं होतं, 'फारच छान प्रश्न! आमच्या लक्षातच आलं नव्हतं. अर्धे मजले मोजले जाणार नाहीत. सर्व संघांना आत्ताच कळवतो. थँक्स हीप्स!'

मोरेश्वररावांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. असली तत्परता त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

संध्याकाळी सलोनीने दप्तर सोफ्यावर फेकलं. "कुणीतरी एग आहे! हाफ फ्लोअर्सबद्दल विचारलं! आता सगळं तोडायला लागणार!" एग म्हणजे अंडं. इथली मुलं मूर्ख माणसाला तसं म्हणतात, हे मोरेश्वररावांना ठाऊक होतं. शकुंतलाबाईंनी त्यांच्या बशीत पोहे वाढले. मोरेश्वररावांना पहिल्याच घासाला ठसका लागला.

"गप्प बसा आता," बायको नंतर म्हणाली.

"अगं, माणूस नवीन दिसतोय. नवीन माणूस सुरुवातीला काही दिवस उत्तरं देतो. मग शिकतो."

गप्प बसायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण सलोनीने पुढची युक्ती काढली. खांबांच्या काड्यांना चारी बाजूंनी पातळ डिंक फासायचा, म्हणजे वाळल्यावर त्या कडक होतात. मोरेश्वररावांनी एक काडी वाकवून पाहिली. खरंच वाकेना. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रश्न वळवळायला लागला. डिंक फासलेलं लाकूड हे लाकूड म्हणायचं की डिंक? आयत्या वेळी कुणी तक्रार केली तर? आणि समजा विचारलंच, तर तो ब्रूस यावर म्हणेल तरी काय? खरं सांगायचं तर हे शेवटचं कुतूहल त्यांना जास्त छळत होतं.

या वेळी त्यांनी खबरदारी घेतली. एकाच अर्जात पोटमुद्दे, उपमुद्दे, परिशिष्ट, सगळं घातलं. असला अर्ज पाहिला की भलाभला अधिकारी फाइल बाजूला सारून जेवायला जातो, हा त्यांचा अनुभव होता.

ब्रूसने जेवण बाजूला सारलं असावं. त्याने मुद्द्यागणिक उत्तर दिलं, वर आकृती काढून जोडली. डिंक फक्त सांध्यांवर लावावा. इतरत्र आढळल्यास संघ बाद. आणि 'इतके बारकाईने वाचणारे नागरिक आम्हाला हवेच आहेत' असं लिहून सगळ्या शाळांना प्रत पाठवली. दोन पानी नियमांचं आता चांगलं बाड झालं होतं.

त्या संध्याकाळी सलोनीने आरडाओरडा केला नाही. तिने कडक झालेले खांब एकेक करून मोडले. मग ती आजोबांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, "इंटरेस्टिंग," एवढंच म्हणाली, आणि काड्या, डिंक, वर्तमानपत्र सगळं उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. दार लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हाय आजोबा' सुरू झालं.

टेबल एकदम मोठं दिसायला लागलं. सुनेने, सुरुचीने, त्यावर फुलदाणी ठेवली. मोरेश्वरराव फुलदाणीसमोर बसून चहा प्यायले आणि त्यांना फार वाईट वाटलं. नात बोलायला लागली होती, तिला आपणच गप्प केलं. तेसुद्धा लेखी.

त्यांनी शेवटचा अर्ज केला. आपण विचारलेल्या सर्व शंका मागे घेत असून नियम पूर्ववत करावेत, ही नम्र विनंती. या वेळी ब्रूसने ईमेल न करता सरळ फोन केला.

"मोरेश्वर! मागे कसले घेताय? आमच्या कमिटीत सगळे तुमचे फॅन झालेत. स्पर्धेच्या दिवशी मॉडेल तपासायला माणूस हवाय. याल?"

मोरेश्वरराव प्रामाणिक माणूस. त्यांनी लगेच सांगून टाकलं, "माझी नात स्पर्धेत आहे."

"नो वरीज! क्राइस्टचर्चमध्ये प्रत्येक जण कुणाचं ना कुणाचं काहीतरी लागतोच. संघांना फक्त नंबर असतात आणि मोजताना मी शेजारी असेन. आणि हो, यापुढे संघांच्या शंका तुमच्याकडेच पाठवतो. तुम्हीच उत्तरं द्या. चालेल ना? स्वीट अ‍ॅज?"

नाही म्हणायला हवं होतं, हे मोरेश्वररावांना कळत होतं. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना तपासायला बोलावत होतं. "स्वीट अ‍ॅज," ते म्हणाले.

शंका यायला लागल्या. ते एकेक कागदावर छापून घ्यायचे. शेवटी मुलगा, प्रसन्न, म्हणाला, "बाबा, स्क्रीनवर वाचा की! प्रिंटरची शाई संपत आली." पण स्क्रीनवर शेरा कसा मारणार? आणि शंका काय एकेक होत्या! एका संघाने विचारलं होतं, खांब दोरीसारखे पीळ देऊन केले तर चालतील का? दुसऱ्याने विचारलं होतं, दोन इमारती मध्ये पुलाने जोडल्या तर ती एक इमारत धरणार की दोन? आणखी एका नंबराने विचारलं होतं, 'जागेची मर्यादा फक्त तळमजल्याला आहे की वरच्या मजल्यांनाही? वरचे मजले बाहेर काढले तर?'

"बाल्कनी!" मोरेश्वरराव एवढ्याने ओरडले, की शकुंतलाबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"मग उत्तर द्या ना पोरांना."

"विचार करावा लागेल. सोपं नाही ते." आणि ते खरंच विचार करत होते. पण त्याशिवाय त्यांना आता एक गोष्ट पक्की समजली होती. उत्तर दिलं की नियम बदलतो, आणि नियम बदलला की सलोनीच्या बंद दारामागे काहीतरी मोडतं. तेव्हा उत्तर न देण्यातच पोरीचं भलं होतं. त्यांनी प्रत्येक कागदावर 'विचाराधीन' असा शेरा मारला, फोल्डरमध्ये घातला आणि वरून नाडी बांधली.

"मुलं वाट बघत असतील हो," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"बघू देत. पुढे बांधकाम खात्याशी गाठ पडली की उपयोगी येईल."

शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, फोल्डरकडे पाहिलं, आणि पोळ्या करायला आत गेल्या. त्या दिवशी सलोनीला पोळी तिच्या खोलीत नेऊन द्यायला त्यांना बराच वेळ लागला.

स्पर्धेच्या दिवशी ब्रूसने दारातच मोरेश्वररावांच्या अंगात केशरी जाकीट चढवलं. ऐन थंडीत तो स्वतः अर्ध्या चड्डीवर आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आला होता. मोरेश्वररावांनी हातात पट्टी घेतली आणि त्यांची मान आपोआप ताठ झाली. पहिली काही मॉडेलं अगदी साळसूद होती. मग ते सलोनी आणि अरोहाच्या टेबलापाशी आले.

आजोबांना केशरी जाकिटात बघून सलोनीला जराही आश्चर्य वाटलं नाही. मोरेश्वरराव मात्र इमारतीकडे बघून थक्क झाले. खाली ती सडसडीत होती, नियमाला धरून. पण दुसऱ्या मजल्यापासून वर चारी बाजूंनी मजले बाहेर आले होते, परातीवर परात ठेवावी तसे. जमीन दुप्पट झाली असेल. ऊर भरून आला त्यांचा. मग त्यांनी पट्टी लावली आणि त्यांच्यातला अधिकारी जागा झाला.

"हे फळीच्या बाहेर आलंय, सलोनी."

"हो, आजोबा."

"असं चालणार नाही."

सलोनीने घसा साफ केला. "आजोबा, आम्ही लेखी अर्ज दिला होता. मुदतीत उत्तर आलं नाही. म्हणून आम्ही मानीव परवानगी धरून बांधकाम केलं."

इतकं शुद्ध मराठी एका दमात तिच्या तोंडून त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं.

"व्हॉट्स शी सेइंग?" ब्रूसने विचारलं.

मोरेश्वररावांनी त्याला मानीव परवानगी समजावून सांगितली. ब्रूसला ती फारच आवडली. "पण उत्तर कुणी द्यायचं होतं?"

"मी," मोरेश्वरराव म्हणाले.

"मग का नाही दिलं?"

"विचाराधीन होतं."

हे इंग्रजीत सांगताना त्यांना पहिल्यांदाच ते जरा विचित्र वाटलं. ब्रूस खदाखदा हसत सुटला. मोरेश्वरराव नातीकडे वळले. "तुला कळलं होतं तर? मीच विचारत होतो ते?"

"आजोबा, हाफ फ्लोअर्स आपल्या टेबलाशिवाय कुणाला माहीत होते?"

"मग बोलली का नाहीस? रागावली असशील."

"हीप्स! खूपच! बट देन आजीने सांगितलं, आपला क्वेश्चन आजोबांकडेच गेलाय. आणि आजोबा कधीच आन्सर देणार नाहीत."

मोरेश्वररावांनी प्रेक्षकांकडे पाहिलं. शकुंतलाबाई छताचं बारकाईने निरीक्षण करत होत्या.

पट्टी हातात घेऊन मोरेश्वरराव उभे राहिले. नाही म्हणायला त्यांच्याकडे नियम नव्हता. हो म्हणायला मन तर धावतच होतं. एवढं एकदा हो म्हटलं की पोर वेलिंग्टनला निघाली, आणि टेबलावरची फुलदाणीही हलली. पण फोल्डरातले बाकीचे कागद त्यांच्या डोळ्यांपुढे यायला लागले. नातीला मानीव परवानगी द्यायची आणि परक्याच्या पोरांना नाही, असलं काम त्यांनी नोकरीत केलं नव्हतं. त्या बाबतीत माणूस स्वच्छ होता.

"मंजूर," ते म्हणाले. आणि सलोनीने उडी मारायच्या आत पुढे म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी शंका विचारली आणि उत्तर मिळालं नाही, त्या सगळ्यांनाच मंजूर."

"सगळ्यांना? आजोबा!"

"कायदा सगळ्यांना सारखा."

ब्रूसने माइकवरून जाहीर करताच हॉलमध्ये एकच गलका उडाला. उत्तर नाही म्हणून बिचकत बिचकत आणलेल्या गोष्टी टेबलांखालून, खोक्यांतून, कोटांखालून बाहेर यायला लागल्या. इमारती पुलांनी जोडल्या गेल्या. पिळाचे खांब आले. कुणी गच्चीवर गच्ची चढवली, कुणी जिना बाहेरून काढला. थोड्याच वेळात एकही इमारत मूळ नियमात बसेना. मोरेश्वरराव मधोमध उभे राहून चहूकडे बघत होते. रिकार्टनला आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच आपल्या गावात आल्यासारखं वाटलं आणि डोळे भरून आले.

मग टेबल हलायला लागलं. पुलाच्या दोन्ही इमारती एकमेकींना ओढत खाली आल्या. गच्च्या पडल्या, जिने निखळले. सलोनीची इमारत टेबलावर चढली तेव्हा तिने अरोहाच्या खांद्यात तोंड लपवलं. मोरेश्वररावांनी मात्र डोळ्यांची पापणीसुद्धा लवू दिली नाही. परातींसारखे ते मजले डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, कुरकुरले. टेबल थांबलं. इमारत उभी होती.

पण पिळाच्या खांबांचीही उभी राहिली. त्या मुलांनी खांब एवढे बारीक केले होते, की वाचलेल्या वजनात त्यांनी आणखी एक मजला चढवला होता. तेवढ्या मजल्याने ती मुलं पहिली आली आणि वेलिंग्टनला निघाली. सलोनी आणि अरोहा दुसऱ्या आल्या.

घरी जाताना प्रसन्न गाडी चालवत होता. सलोनी मागच्या सीटवर आजोबांशेजारी इमारत मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे लाल झाले होते. आपण खरं तेच केलं, हे मोरेश्वररावांना माहीत होतं, आणि त्याचा त्यांना काडीचाही आधार वाटत नव्हता.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सलोनीने विचारलं, "आजोबा, तुम्ही आन्सर दिलं असतं, तर काय दिलं असतं?"

मोरेश्वररावांना खोटं बोलता येत नव्हतं. "नामंजूर."

"व्हाय?"

"पडेल म्हणून. नोकरीत असले कितीतरी नकाशे मी पडतील म्हणून परत पाठवले."

"पण पडली नाही."

"नाही ना!" ते एकदम तिच्याकडे वळले. "मी डोळे फाडून बघत होतो. पडायलाच हवी होती. आण बघू इकडे." त्यांनी इमारत अलगद आपल्या मांडीवर घेतली, मान वाकडी करून बाल्कन्यांच्या खाली पाहिलं, पुन्हा वरून पाहिलं. "ज्यांना मी नाही म्हटलं, त्यांतलं काय पडलं असतं आणि काय उभं राहिलं असतं, मला कधी कळलंच नाही बघ. का पडली नाही गं ही?"

सलोनीने नाक पुसलं आणि ती सीटवर त्यांच्याकडे सरकली. "लुक, हा स्टिक तिरका आहे ना, तो बाल्कनीला मागे धरून ठेवतो. ही खाली जायला बघते, आणि तो म्हणतो, नो वे." तिने बोटाने दाखवलं. मोरेश्वररावांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. पुढच्या सीटवर शकुंतलाबाई अजिबात मागे वळल्या नाहीत.

"म्हणजे अजून बाहेर काढता येईल?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"आय रेकन. नेक्स्ट इयर. किती ते माहीत नाही." सलोनीने जरा विचार केला. "ब्रूसला विचारू या का?"

"कुणालाही विचारू नकोस," मोरेश्वरराव म्हणाले. "काढून बघू."